बाबांकडची प्रत

४ मार्च

चि. छोटूस, ताईचे अनेक आशीर्वाद.

पोहण्याच्या वर्गात ओल्या फरशीवर घसरले आणि घोटा मोडून बसले. बाबा हौसेने चहा करून देतात, तोही पाकासारखा गोड! पण मनातली धास्ती जात नाही. आईचंही असंच सुरू झालं होतं ना? तिशीत नुसतं अडखळून आधी घोटा, मग मनगट. पुढे चाळिशीत विसरणं, कुणाच्या मयताला खुदकन हसणं, आणि शेवटी जाईपर्यंत अबोलाच. काल मला वर्गातल्या एका मुलीचं नाव आठवेना. तू दिवसभर मेंदूच्या पेशी बघतोस, तर खरं काय ते कळव. उगाच चुचकारू नकोस.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

नावं मलाही आठवत नाहीत, तेव्हा त्याचं सोड. बाकी खरं ते सांगतो. मेंदूत झाडलोट करणाऱ्या पेशी असतात, मायक्रोग्लिया. कचरा कुठे साचलाय, हे त्यांना अंगावरच्या एका ग्राहकामुळे, म्हणजे रिसेप्टरमुळे, कळतं. त्याला आम्ही ट्रेम-टू म्हणतो. तो बिघडला की पेशी जागेवर असतात, पण त्यांना काही उमगत नाही. हाडांतल्या काही पेशींवरही तो असतोच, म्हणून तो बिघडला की हाडंही मोडतात. आईबद्दल ऐकून प्रयोगशाळेतल्या आमच्या बाईंनी तिला यातूनच होणारा एक दुर्मिळ आजार असणार म्हणून सांगितलं.

मात्र त्यासाठी ट्रेम-टूच्या जनुकाच्या, आई-वडील दोघांकडून आलेल्या, दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. मी माझं रक्त तपासलं. आईकडची प्रत बिघडलेली, बाबांकडची चांगली. तूही रक्त देऊन ये.

हल्ली मला आजाराआधीची आई फार आठवते. आपल्याला तलावात ढकलून मागोमाग स्वतः धपकन उडी मारायची, ती.

जपून चाल आणि माया असू दे.

तुझा छोटू

९ मे

चि. छोटूस अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट आला. बाबांकडची प्रत माझ्यातही धडधाकट आहे! आईचा आजार मला होणार नाही, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं, तेव्हा कुठे मी रडले.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील. पण त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग हळूच विचारलं, ती बोलायची थांबली तीही आजारानेच का? मी हो म्हटलं. छोटू, इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, ती त्यांच्यावर रुसून गेली.

त्यानंतर जे बोलत सुटले! गच्चीवर कपडे वाळत घालताना ती मोठ्याने गायची, ते कामावरून येताना वळणापासूनच कसं ऐकू यायचं, आणि मग ते मुद्दाम कसे सावकाश चालायचे.

सुट्टी काढून ये. अजून बोलतायत.

वाट पाहणारी,
ताई