पेटीला पुढं कोण ढकलतंय?

मंगळवार, संध्याकाळ. जळोचीतली भाड्याची खोली.

त्या घर्षणाच्या गणितानं आज डोकं पिकवलं. टेम्पो सुरू होऊन वेग घेतोय, हौद्यातली पेटी न घसरता त्याच्याबरोबर पुढं जातेय. तिच्यावरचं घर्षण कोणत्या दिशेला? वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांनी बाण मागं काढलेला. मीही तसाच काढला, पण गणित काही सुटेना.

शेवटी आमच्या गावच्या पल्लवीताईला फोन लावला. फिजिक्समध्येच बीएस्सी करून ती आता लोणी देवकरला कंपनीत आहे. वाटलं, पटकन सांगून टाकेल. कसलं काय!

"पेटीला पुढं कोण ढकलतंय?"

"टेम्पो."

"टेम्पो तिला कुठं टेकलाय?"

"फक्त खालून."

"मग? आता तूच सांग," म्हणाली. असला राग आला! उत्तर येतंय तर एवढा भाव कशाला खायचा? पण खालून म्हणजे... घर्षणच की! तेच मागं ओढत असतं, तर पेटी पुढं गेलीच नसती.

जुना बाण इतका घासून खोडला की कागद फाटला. नवा काढला, पुढं.

"बरोबर हाय का, ताई?"

"मला कशाला इचारतीस? पेटी गेली न्हवं पुढं?"

उद्या वर्गात माझा एकटीचाच बाण वेगळा असणार. असू दे. तोच बरोबर आहे.

मघाशी रूममेट श्रद्धा म्हणाली, "दे की वही, उतरून घेते." मी वही मिटली. "आधी सांग, पेटीला पुढं कोण ढकलतंय?"

चिडली. तोंड फिरवून बसली.

आत्ता हे लिहितेय, तर तिच्या खाटेवरून खोडरबर घासल्याचा आवाज येतोय.