बापाची पाठवणी

फुनाबोरी,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय हिना,

खूप दुवा. आज सुट्टी होती. सकाळी उठलो, चहा केला, खोली झाडली. दुपारी इचिकावाला अनुराग आणि अनघाकडे जेवायला गेलो. अनघाने तुझी चौकशी केली आणि नको म्हणत असताना डबा भरून दिला. घरी आलो, डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि लिहायला बसलो. तुला देवनागरी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. अडलं तर मागचं वाक्य पुन्हा वाच. घाई नाही.

गेल्या आठवड्यात आई कामाला होती त्या केअर होममधून मोरितासान आल्या होत्या. आईच्या लॉकरमधले पांढरे बूट आणि दोन एप्रन घेऊन आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. तिथल्या म्हाताऱ्या अजून विचारतात म्हणे, रोस-सान आज का नाही आली, आणि मोरितासान सांगतात, सुट्टीवर गेली आहे, गावाला. मला म्हणाल्या, मी खोटं बोलते, माफ करा. मी म्हटलं, त्यात खोटं काय आहे, गावालाच गेली आहे. त्या रडल्या. मग मलाच त्यांना रुमाल द्यावा लागला.

आई माझ्याशी तिच्या गावच्या रीतींबद्दल पहिल्यांदा नीट बोलली ती दाभोळला, इथे नाही. आमचं नुकतंच लग्न झालं होतं, तू नव्हतीस. तिने तुझ्या दादीला विचारलं, हे घर तुमचं ना? दादीला हसू आलं. म्हणाली, माझं कुठलं गो बाय, आधी सासऱ्याचं, मग ह्यांचं, आता पोरांचं. मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा आईने दादीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बोटीवर मला म्हणाली, एवढी म्हातारी झाली आणि अजून पाहुणीच. मग तिने सांगितलं की तिच्याकडे उलटं असतं. घर आणि भाताची शेतं आईकडून मुलीकडे जातात, ती विकायची नसतात, आणि पाहुणा असतो तो नवरा. माझा भाऊ सुलेमान हे ऐकून म्हणाला, म्हणजे तू घरजावई झालास. आईला तो शब्द समजावून सांगितला तर म्हणाली, ही शिवी आहे? माझ्या गावात तर सगळेच घरजावई आहेत, कुणी कुणाला हसायचं? पुढे आमचं भांडण झालं की ती मला जपानीत म्हणायची, गावाला असते तर आज तुझी उशी दाराबाहेर ठेवली असती. इथे फ्लॅट माझ्या नावावर होता म्हणून मी वाचलो.

हे सगळं तुला माहीत आहे. पण एक गोष्ट तुझ्या मनात राहिली आहे. तू ती कधी बोलली नाहीस, पण तुझा आवाज मला कळतो. आईला माती दिल्यावर मी तुला न सांगता तिच्या गावच्या घरातून निघून गेलो, असं तुला वाटतं. ते कसं झालं ते माझ्या बाजूने सांगतो.

आमच्या लग्नाच्या वेळी त्या गावात माझं कुणीच नव्हतं. तिथे नवरा मुलगा कुठल्या तरी घरातून आणावा लागतो, रस्त्यावरून नाही. म्हणून नदीकडच्या एका घराने मला मुलगा मानलं होतं. त्या घरातली नूरहायाती माझी बहीण ठरली. मला वाटलं होतं, लग्नापुरता रिवाज आहे, झाला आणि संपला. मी तिला जवळजवळ विसरलो होतो. यंदा जुलैत, आई गेल्यावर, तीच नूरहायाती एका दुपारी जिना चढून आली. लेक गेलेल्या तुझ्या ऊचीजवळ जरा वेळ बसली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, चल, घरी जेवायला. मला वाटलं, आपल्या कोकणातल्यासारखंच आहे, मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी जेवू घालतात. मी पायात चपला घातल्या आणि तिच्यामागून गेलो. तू मागच्या बाजूला भांडी घासत होतीस. अर्ध्या तासात परत येणाऱ्या माणसाने सांगायचं काय, म्हणून बोललो नाही.

मासा चांगला केला होता. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो आणि जेवल्याची लाज वाटली. हात धुऊन म्हटलं, आता घरी जातो. मग नूरहायातीच्या नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोही त्या घरात माझ्यासारखाच बाहेरून आलेला. म्हणाला, घरीच आहेस. बायको गेली की नवऱ्याने तिच्या घरात राहायचं नसतं, त्याच्या बहिणी त्याला येऊन नेतात, तुला नेलं. आतल्या खोलीत गादी घातलेली होती. संध्याकाळी स्याफ्रिल मामा माझी बॅग घेऊन आला. त्याच्यामागे तू होतीस. तू वर आली नाहीस, जिन्याखालीच उभी राहून माझ्याकडे बघत राहिलीस. मी विचारलं, जेवलीस का?

आपल्याकडे मुलीची पाठवणी करतात. तिला आधीपासून ठाऊक असतं, घरचे रडून घेतात, बाप दारात उभा राहतो. तिथे मुलगी कुठे जात नाही, जातो तो बाप. माझी पाठवणी झाली, फक्त ती चालू असताना मला कळलं नाही, आणि तू दारात नव्हतीस. कुणी मला हाकललं नाही, हिना. मामावर राग धरू नकोस. आपल्याकडे मामा म्हणजे खाऊ आणि लाड. तिथे मामाला घर सांभाळावं लागतं आणि त्यातलं काही त्याचं नसतं. मी इकडे यायला निघण्याआधी तो माझ्याशी बराच वेळ बोलला. आई ऊचीची एकुलती मुलगी, आणि तू आईची. तू राहिली नाहीस तर ऊचीनंतर घर आणि शेतं लांबच्या भावकीत जातील आणि ती चूल बंद होईल. तरी म्हणाला, मुलीवर जोर करायचा नाही. मी म्हटलं, तिला विचारू. आणि राहू की येऊ असं तू जेव्हा जेव्हा मला विचारलंस, तेव्हा मी नुसतं बघू म्हणत राहिलो.

परवा तू फोनवर सांगितलंस की तिकीट काढलं, डिसेंबरात येतेस, कायमची, बाबा एकटे आहेत म्हणून. मी खूश झालो, तुला ऐकू आलंच असेल. मग तू छपराचं सांगायला लागलीस. मामाने पत्रे बदलले, वरच्या शेतात लावणी झाली, तुझ्या पायाला जळू चिकटली आणि ऊची हसून हसून खाली बसली. आई गेल्यापासून तू हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बोलता बोलता तू म्हणालीस, आमचं घर आता गळत नाही. तुझ्या मराठीत चुका खूप होतात, पण ही कधी होत नाही. जपानीत आपलं आणि आमचं असे दोन शब्द नाहीत, पण आईच्या भाषेत आहेत, म्हणून लहानपणापासून तुला ते न शिकवता आले. आपलं म्हणजे ऐकणारा धरून, आमचं म्हणजे त्याला वगळून. तू पटकन म्हणालीस, म्हणजे आपलं, बाबा. मी म्हटलं, हो हो.

हे फोनवर मला जमलं नसतं, म्हणून पत्र लिहिलं. तू आधी म्हणालीस तोच शब्द बरोबर होता. ते घर तुमचं आहे, ऊचीचं, आईचं आणि तुझं. डिसेंबरचं तिकीट रद्द कर. इथे माझ्यासाठी येऊन राहिलीस तर तू रोज पाहुण्यासारखी राहशील, आणि ते मला बघवणार नाही. इथल्या तुझ्या कॉलेजला काय कळवायचं ते मी बघतो. मी येईन तेव्हा नूरहायातीकडे उतरेन, आणि तू बोलावलंस तर तुमच्याकडे जेवायला येईन. सकाळचं एक लिहायचं राहिलं. तू येणार म्हणून तुझी गादी धुतलेल्या खोळीत घालून बाल्कनीत उन्हाला टाकली होती. इथे आता साडेचारलाच अंधार पडतो. दमट व्हायच्या आत ती आत घेतो.

तुझाच,
बाबा