शुक्रवारचा फळा

अण्णा, घोडेगावातली आपली डेअरी आता मी चालवतो, आणि तुमच्यापेक्षा चांगली चालवतो, हे आधीच सांगितलेलं बरं. तुम्ही दर शुक्रवारी दारातल्या फळ्यावर खडूनं लिहायचात, पुण्याला दूध काय भावानं गेलं, खर्च किती झाला, आपल्याला उरलं किती. कुणी मागितलं नव्हतं. समोर दुसरी डेअरी उघडली तरी तुम्ही लिहीतच राहिलात. तिचा मालक चहाच्या निमित्तानं यायचा, आकडे वाचायचा आणि लिटरला आपल्यापेक्षा रुपया जास्त द्यायचा. "पावणं, तुमचा फळा लई कामाचा हाय," असं तोंडावर म्हणायचा, आणि तुम्ही त्याला आणखी अर्धा कप ओतायचात. मी कॉमर्स शिकून आलेलो. म्हटलं, आकडे झाका. तर दूध घालायला आलेल्या सगळ्यांसमोर तुम्ही गरजलात, "झाकायला आपन चोरीचं दूध ईकतो व्हय? चार बुकं शिकला, पन अक्कल न्हाई आली!" सगळे हसले. समोरचा सगळ्यात मोठ्यांदा.

त्याच उन्हाळ्यात दूध नासलं म्हणून आपला टँकर पुण्याहून परत आला. तुम्ही तिकडं भांडायला निघालात आणि जाताना तोट्याचा आकडा माझ्याकडं दिलात. "नफा लिवतो तसा तोटाबी लिवायचा." मी लिहिला. शेवटी एक शून्य जास्त पडलं. संध्याकाळी तुम्ही एसटीतून उतरलात, तेव्हा डेअरी बुडाली, आता आपले पैसे मिळत नाहीत, म्हणून लोक किटल्या घेऊन समोर निघाले होते. तुम्ही ते शून्य पुसलंत, पोराची चूक झाली म्हणून हात जोडलेत. "आण्णा, तुमच्या फळ्यावर आजवर चूक झाली न्हाई," असं एक म्हातारा म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला. इतकी वर्षं खरं लिहिल्याचं हे फळ! मला आतल्या आत हसू आलं होतं.

वर्षभरात तुम्ही गेलात. आता समोरचा आणि मी भाव फोनवरच ठरवतो. नफा झाला की रंगीत पत्रक वाटतो, तोट्याच्या साली आमचा छापखाना बंद असतो. कुणी विचारत नाही. तुम्ही मात्र शेवटपर्यंत भेटेल त्याला सांगत राहिलात, पोराची चूक झाली. चूक नव्हती, अण्णा. तुमची जिरवायची म्हणून ते शून्य मी मुद्दाम काढलं होतं, दोनदा गिरवून. आज शुक्रवार. हे फळ्यावर लिहायचं म्हणून खडू आणला होता. लिहिलं कागदावर, आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.