लुपेसाठी पाठ केलेलं वाक्य

गुरु. २६ सप्टें., प्लेनो, लेकाकडे
उपास. पंधरा दिवसांनी साफसफाईला येते ती लुपे आज आली. नातीने शिकवलेलं स्पॅनिश धीर करून बोलले, कशी आहेस म्हणून. "ओला लुपे, कोमो एस्तास?" तिने व्हॅक्युम बंद केला नि भरभरून बोलत सुटली. मी मान हलवत राहिले. कळलं एक 'सेन्योरा', म्हणजे बाईसाहेब. ईरा म्हणे, "आज्जी, यू अंडरस्टुड नथिंग." असू दे. दिवस छान गेला.

गुरु. १० ऑक्टो.
घट बसलेले. भगर ढवळत होते, वळून बघते तर लुपे फडकं घेऊन देव्हाऱ्यापाशी, हात अन्नपूर्णेकडे. तोंडातून निघालं, "नो. नो तोकार." हात लावू नको. ईराच्या यादीतलंच. एरवी दोन शब्द जुळवताना अडखळते, हे मात्र खणखणीत आलं. तिला लगेच कळलं. हात मागे घेतला, गळ्यातला मेरीचा बिल्ला चाचपला, व्हॅक्युम घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.
तिकडे घरी कामाला येणाऱ्या पार्वतीला हे कधी सांगावंही लागलं नाही.
संध्याकाळी सुनेला सांगितलं. केतकीने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "अहो आई, मीच सांगितलंय तिला. तीन वर्षं तीच पुसते देव."
म्हणजे मी आल्यापासून ज्यांना फुलं वाहते ते

शनि. १२ ऑक्टो.
दसरा. ईराकडून वाक्य लिहून घेतलं: माझं चुकलं, मनात ठेवू नकोस. "व्हॉट डिड यू डू, आज्जी?" म्हटलं, पाय लागला तिला. सणासुदीला, देवासमोर बसून खोटं.

मंगळ. १५ ऑक्टो.
जपाला बसले की तेच वाक्य येतं. माळ दोनदा चुकली.

गुरु. २४ ऑक्टो.
६ नोव्हेंबरचं परतीचं विमान. म्हणजे लुपेची नि माझी ही शेवटची भेट. शिरा केला. ती आल्या आल्या वाक्य म्हटलं, अर्ध्यात अडकले, वहीत बघून पुरं केलं. ती हसली, पाठीवरून हात फिरवला, काहीतरी बोलली. समजलं नाही. मग तिचा हात धरून देव्हाऱ्यापाशी नेलं. फडकं पुढे केलं. "पोर फावोर." म्हणजे प्लीज.
ती दोन पावलं मागे सरली. "नो, नो, सेन्योरा. नो तोकार." अगदी मऊ आवाजात. माझी समजूत घालावी तसं.
शिरा घेतला तिने, डबा धुऊन ठेवून गेली.
फडकं माझ्या हातातच राहिलं. मी गेल्यावर तरी पुसेल का, केतकीला विचारायचंय. अजून जीभ रेटत नाही.