मिरच्यांचा साठा

तीर्थरूप आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

परवा सकाळी विठ्ठलाला हात जोडले आणि कोपीतले, आमच्या पाचटाच्या खोपटातले, उंदीर पळवायला निखाऱ्यावर तुझ्या मिरच्या टाकल्या. उंदीर हलले नाहीत. शेजारच्या कोपीतून आपला धाकटा पंडित मात्र ठसकत बाहेर आला.

"दादा, मिरच्या हायत तुझ्याकडं? आईनं दोघांना दिल्या ना? मी काहून महिनाभर फिकं कालवण खातोय?"

बांधाच्या भांडणापासून अबोला होता, म्हणून त्याचा वाटा मीच दडवला होता. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

आमच्या टोळीचे मुकादम डोळे पुसत मला म्हणाले, "पेपर वाच बे! विषारी वायू वापरायचा न्हाई, असा लई देशांनी करार केलाय. साठा असंल तर दाखवायचा अन् नष्ट करायचा."

सगळे हसले. मी दिवसभर ऊस तोडताना तेच मनात घोळवत होतो.

सहकारी कारखान्याचा हंगाम पंधरा दिवसांत संपेल. गावात पाण्याचा टँकर रोज येतो का? तुझा खोकला कसा आहे?

काल उरलेल्या सगळ्या मिरच्या पंडितपुढे ओतल्या. त्याच्या बायकोनं चटणी वाटली आणि आम्ही दोघं एका ताटात जेवलो.

तुझा थोरला,
उत्तरेश्वर