दोन डाव्या पंखांचं विमान

चि. भावोजींस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे धडधाकट आहोत, तुम्ही उभयताही असाल असं धरून चालते. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशन करू नका म्हणणारे दहा भेटतील, पण जिना त्यांना चढायचा नसतो. धाकट्या जाऊबाईंना सांगा, दम्याचं औषध बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका (ऐकायच्या नाहीत, ठाऊक आहे मला, पण वहिनीने सांगितलं नाही असं व्हायला नको). तुमचं ड्रायव्हिंग स्कूल तिकडेही चांगलं चाललंय आणि रविवारी तुम्ही तिथल्या क्लबात विमान उडवायला जाता, हे कानावर आलंय. कोणाकडून ते विचारू नका.

पत्रास कारण की, कारण काही नाही. चार वर्षांत चार ओळी लिहिल्या नाहीत आणि आज हिला कुठून उमाळा आला, असं तुम्ही जाऊबाईंना म्हणाल. म्हणा. घरात बोलायला माणूस एकच, तो विमानाच्या शेडवर गेलाय, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे तुम्हाला आमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे. तर बातमी अशी की विमान पुरं झालं. तपासनीस येऊन सही करून गेला. आता ते इथल्या क्लबाच्या शेडमध्ये उभं आहे आणि उडवायला कोणी नाही, कारण डोळ्यांच्या डॉक्टरने ह्यांच्या उडवायच्या दाखल्यावर सही दिली नाही. डोळे जरा अधू झालेत म्हणे. या वयात व्हायचेच, काळजीचं काही नाही.

तीन लांबलचक खोकी आपल्या दारात उतरली तो दिवस तुम्हाला आठवत असेल. टपालाने विमान मागवणारी माणसं असतात, हे लग्न ठरवताना मला कोणी सांगितलं नव्हतं. नळ्या, पत्रे, लाकडी फासळ्या, आणि खिळे-स्क्रूंच्या इतक्या पुड्या की पहिले सहा महिने मी चहाच्या डब्यात हात घालायच्या आधी दोनदा बघत असे. सोफा गेला गॅलरीत, पाहुणे गेले स्वयंपाकघरात, आणि बाहेरच्या खोलीत तुम्ही दोघे भाऊ गुडघ्यांवर बसून तासन् तास एका नळीला दुसरी नळी जोडत होतात. दोघांनी एकाच मास्तराकडे उडवायला शिकायचं, एकाच विमानात दोन जागा ठेवायच्या, चालवायच्या डावीकडच्या जागेवर आज तू, उद्या मी. मी वैतागायचे ते वरवर. रिटायर होऊन दिवसभर टीव्हीपुढे बसणारे नवरे मी शेजारी पाहत होते, त्यापेक्षा हे परवडलं.

आणि मग ते पंखांचं प्रकरण झालं. कंपनीने नकाशा पाठवला होता फक्त डाव्या पंखाचा, खाली एक ओळ, की उजवा याच्या बरोब्बर उलट, आरशात दिसतो तसा करावा. डावा तुम्ही तुमच्या गॅरेजमध्ये करायचा ठरला आणि उजवा ह्यांनी, कारण चाळीस वर्षं रबरी शिक्के कोरलेला माणूस, उलटं करणं हा ह्यांच्या हातचा मळ. तेव्हा ह्यांना एका बँकेचं शिक्क्यांचं मोठं काम आलेलं, डोकं वर काढायला फुरसत नव्हती. तुम्ही भावाचा त्रास वाचावा म्हणून गुपचूप तो नकाशा उलटा काढून आणलात आणि ह्यांच्या फायलीत ठेवून दिलात. दुसऱ्या कोणी तो हातात धरला असता तर अक्षरं उलटी बघून चमकला असता. पण ह्यांना उलटी अक्षरं सुलट्यापेक्षा लवकर वाचता येतात. ह्यांच्या डोळ्यांना काही खटकलंच नाही. ह्यांनी तो मूळचाच समजून नेमाने पुन्हा उलटा केला, आणि पाच महिने खपून, नजर लागेल असा पंख तयार केला. डावा.

अंगणात दोन्ही पंख शेजारी शेजारी ठेवले तेव्हा तुमची दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली होती, आणि मी हसले. भावोजी, घात तिथे झाला. मी हसले नसते तर तुम्ही दोघं हसला असता, असं मला चार वर्षं वाटतंय. बाईमाणसाने हसल्यावर पुरुषांना कोणाचं तरी चुकलंय हे ठरवावंच लागतं. हे म्हणाले, मला सांगायला तोंड नव्हतं का. तुम्ही म्हणालात, चाळीस वर्षं उलटं वाचणाऱ्याला एवढं कळू नये. मग त्यात वडिलांची सायकल आली, कोणाच्या लग्नात कोण उशिरा आलं ते आलं, आणि पंख राहिले बाजूला. पुढच्या महिन्यात तुम्ही गावच बदललंत. मी त्या दिवशी हसल्याबद्दल आज तुमची माफी मागते. ह्यांची मागायचा प्रयत्न केला होता, तर म्हणाले, तू कधी हसलीस?

तुम्ही गेल्यावर वर्षभर कोणी कशाला हात लावला नाही. पंखांवर धुळीचा थर बसला. एका सकाळी बघते तर हे नवीन फासळ्या कापायला बसलेले. उजवा पंख ह्यांनी एकट्याने केला, म्हणजे ह्यांनी आणि मी. पंखांवर कापड चढवायचं असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. ते आधी शिवायचं, मग सांगाड्यावर ताणायचं, मग इस्त्री करून आवळायचं. विमानाला इस्त्री करणारी बाई या भागात मी एकटीच असेन. माझी चांगली इस्त्री ह्यांनी थर्मामीटर लावून मोजून घेतली आणि त्यावर खुणा करून ठेवल्या, तेव्हापासून तिने सदरे करायला मला बंदी आहे, आणि हे चुरगळलेल्या सदऱ्यात फिरतात. मग प्रत्येक फासळीला दोऱ्याने टाके घालायचे, दर टाक्याला गाठ. बोटं सोलून निघाली. काम संपल्यावर ह्यांनी बोटांना मलम लावून दिलं आणि माझ्या गाठी पुन्हा एकदा तपासल्या (मलम आधी, एवढं श्रेय देते).

आता डावा कोणता लावायचा? एक तुमचा, एक ह्यांचा. मी काही बोलले नाही, शहाणी झाले होते. ह्यांनी दोन्ही पंख दोन दिवस न्याहाळले, दोरी लावून, पट्टी लावून, बोटाने चाचपून. मग स्वतःचा माळ्यावर चढवला आणि तुमचा विमानाला लावला. का, विचारलं, तर म्हणाले, त्याचा हात सरळ आहे. एवढं बोलून चहा मागितला. हे तुम्हाला कळवायला मला दोन वर्षं का लागली, ते मलाही सांगता येत नाही.

शेपटावर नंबर रंगवायचा राहिला होता. तांदळाच्या दाण्यावर माझं नाव कोरलेला हा माणूस (लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, मग हौस फिटली), त्याने हातभर उंचीची पाच अक्षरं काढली आणि ती सगळी उताराला लागल्यासारखी खाली गेली. मला म्हणाले, कसं वाटतंय. मी म्हटलं, छान. दुसऱ्या दिवशी हे दाढी करायला गेल्यावर मी ती पुसून, रेघ मारून, पुन्हा काढली. ह्यांच्या लक्षात आलं नाही. मला वाटलं होतं येईल.

आता कोबीची गोष्ट सांगते, ती तुमच्यापर्यंत दुसऱ्या तोंडून पोचण्याआधी. उडवायच्या आधी विमान नुसतं जमिनीवर पळवून बघायचं असतं. हे म्हणाले, बस शेजारी, टोकापर्यंत जाऊन येऊ. मी आपली पर्स मांडीवर घेऊन बसले, देवळात जाऊन येऊ म्हटल्यावर बसावं तशी. पहिल्या तीन फेऱ्या मजेत झाल्या. चौथ्या वेळी धावपट्टीच्या टोकाला पांढरे रंगवलेले दगड आहेत तिथे वळायचं, तर हे वळेनात. मी म्हणतेय, अहो दगड, अहो दगड. त्या आवाजात कोण कोणाचं ऐकतंय? दोन दगडांच्या मधून, तारेचं कुंपण तोडून, आम्ही सरळ पलीकडच्या कोबीच्या शेतात. पुढच्या पंख्याने कोबी असा बारीक चिरला की मला घरी विळीवर तसा जमत नाही. सगळीकडे कोबी, माझ्या केसांत, ह्यांच्या चष्म्यावर, पर्समध्ये. शेतकरी धावत आला. मला वाटलं आता चार लोकांत शोभा होणार. तो विमानाभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, पाच मिनिटं आत बसू का. बसला. कोबीबद्दल चकार शब्द काढला नाही बिचाऱ्याने, उलट जाताना दोन गड्डे हातात दिले. घरी येईपर्यंत हे ब्रेकला शिव्या देत होते. क्लबाच्या मेकॅनिकने ब्रेक उघडले, बघितले, बंद केले आणि ह्यांच्याकडे न बघता मला म्हणाला, ब्रेक चांगले आहेत, मावशी.

पंख्याचं एक पातं मोडलं होतं, ते नवीन आलं. चाक बदललं. मग तपासनीस आला, टॉर्च आणि दांड्याचा आरसा घेऊन, आणि सकाळपासून दुपारपर्यंत विमानाच्या पोटात डोकावत राहिला. डाव्या पंखापाशी थांबून म्हणाला, हे कोणाचं काम. ह्यांनी सांगितलं, भावाचं. गाठींपाशी थांबून म्हणाला, हे कोणाचं. तर म्हणाले, घरीच केलंय. (बघा. भावाचं काम भावाचं, आणि माझं काम घराने केलं.) पण सही झाली, आणि हे त्या दिवशी दोनदा जेवले.

त्यानंतर आठवड्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले आणि सहीशिवायचा कागद घेऊन परत आले. तो कागद कपाटात पेपरखाली ठेवला. तेव्हापासून रोज सकाळी डबा घेऊन बसने शेडवर जातात, विमान पुसतात आणि संध्याकाळी येतात. परवा डबा घरीच विसरले म्हणून मी द्यायला गेले. दार अर्धं उघडं होतं. हे आत बसले होते, उजवीकडच्या जागेवर, हात मांडीवर ठेवून. डावीकडची जागा मोकळी. मला वाटायचं की हे रोज चालवायच्या जागेवर बसून मनातल्या मनात उडत असतील. तसं नव्हतं, भावोजी. हे शेजारी बसून वाट बघत होते. मी डबा दारातच ठेवला आणि रडत रडत बस पकडली, कंडक्टरने सुट्टे पैसेही मागितले नाहीत.

असो. पत्र फार लांबलं. इकडे सर्व ठीक आहे, तुम्ही आमची काळजी करू नये, आणि आपली कामं टाकून धावत येऊ नये. जाऊबाईंना माझी आठवण सांगा.

तुमची
वहिनी

ता. क. कामं टाकून धावत या. कोबीच्या शेतकऱ्याने कुंपण पुन्हा घातलंय, धावपट्टी मोकळी आहे, आणि मेकॅनिक म्हणतो विमानाला काही करायचं राहिलेलं नाही. आधी तुम्ही एकट्याने हवं तितकं उडवून खात्री करून घ्या, नियमही तसाच आहे म्हणे. मग ह्यांना शेजारी बसवा. तुमच्याकडे ह्यांची बाजू मांडत नाही. मोठे भाऊ आहेत, पहिला शब्द काढणार नाहीत, तो तुम्हालाच काढावा लागेल. येताना फोन करू नका, फोन हेच उचलतात.

दुसरा ता. क. वर डोळ्यांबद्दल लिहिलं ते खरं नाही. कपाटातला तो कागद मी डॉक्टरकडे नेऊन वाचून घेतला. मधली नजर गेली आहे, कडेचं थोडं दिसतं, तेही वर्षभरात जाईल. माझ्याकडे बघायचं असलं की हे माझ्या खांद्याच्या पलीकडे बघतात. मला हे माहीत आहे, हे ह्यांना माहीत नाही, आणि तुम्हीही दाखवू नका. फक्त एक करा. वर गेल्यावर कानावरच्या त्या हेडफोनमधून बोलत राहा. आता नदी आली, हा पूल, ही आपली गल्ली, ती बघ गच्चीवर वहिनी उभी आहे, तिने निळी साडी नेसली आहे. हे विचारतील याची वाट बघू नका, हे विचारणार नाहीत. तुम्ही सांगाल त्या प्रत्येकाला हे म्हणतील, हो, दिसलं. म्हणू द्या, आणि पुढचं सांगा.