व्याख्यानातली बहीण

॥ श्री ॥
कोराडी, ५ ऑगस्ट २०२५

चि. मधुसूदन यास,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवले आहेत. का, ते खाली वाच.

फोनवर तू बोलायला लागलास की मला मध्ये शिरायला जागा मिळत नाही. शिवाय रविवारपासून तुझा नंबर मी बंदच करून टाकला आहे. म्हणून हे पत्र. तुला काही म्हणायचं असेल तर कागदावर म्हण, म्हणजे निदान माझं सगळं वाचून झाल्यावर म्हणशील.

रविवारी तुझ्या ‘जगातील धर्म’ व्याख्यानमालेला मी आले होते. तुला कळवलं नव्हतं. विषय ‘धर्म आणि विधवा’, म्हणून शेजारच्या प्रेमलतालाही सोबत घेतलं. ती बौद्ध, मी हिंदू, आणि नवरा दोघींचाही हयात नाही. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. तुला दिसलो नाही, कारण बोलताना तू छताकडे बघतोस. ही तुझी शाळेपासूनची खोड आहे.

पहिला अर्धा तास मला तुझा अभिमान वाटला, हेही लिहून टाकते. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा विधवा होत्या, हे तू किती छान सांगितलंस. महाप्रजापती गौतमीला संघात घ्यायला बुद्ध आधी तयार नव्हते आणि ती पायी चालत मागे गेली, हे ऐकताना प्रेमलता माझा हात दाबत होती. ख्रिस्ती ग्रंथात विधवेची विचारपूस हाच शुद्ध धर्म म्हटला आहे, ज्यूंमध्ये दिराशी लग्नाची चाल होती, सगळं एकमेकांशेजारी मांडलंस. मग आपल्याकडचं केशवपन आणि सती. आणि मग तू म्हणालास की बदल घरातून होतो. ‘माझी मोठी बहीण विधवा आहे, आणि आमच्या महाल भागातल्या घरी दर भाद्रपदात महालक्ष्म्या तीच आपल्या हातानं बसवते.’

टाळ्या किती वेळ वाजल्या ते मी ऐकलं. आमचे हे गेल्यापासून तुझ्या घरी महालक्ष्म्यांच्या दिवशी मी मागच्या खोलीत अळूची पानं निवडते. मखरात दोघी उभ्या राहिल्या, ओटी भरली, आरती झाली की मग मला दर्शनाला हाक येते. मुखवट्याला माझं बोट लागलेलं नाही. बसमध्ये प्रेमलतानं विचारलं की तुमचे भाऊ एवढं खोटं काहून बोलून राहिले. याचं उत्तर तू दे.

यमुताई

नागपूर, ११ ऑगस्ट २०२५

ती. यमुताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. राखी मात्र मिळाली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं मनगट मोकळं राहिलं, याचं तुला काही वाटलं नसावं.

आता मुद्द्याचं. व्याख्यान म्हणजे कोर्टातली साक्ष नव्हे. समोर तीनशे माणसं बसलेली असतात, त्यांना एक चित्र द्यावं लागतं. जे आज नाही पण उद्या व्हायला हवं, ते मी आज म्हणून सांगितलं. त्याला तू खोटं म्हणतेस. इतक्या वर्षांच्या अध्यापनात माझ्यावर कोणी असा आरोप केलेला नाही, आणि तो सख्ख्या बहिणीनं करावा!

तू मागच्या खोलीत बसतेस हे मला आवडतं असं तुला वाटतं का? पण रीत नावाची गोष्ट कोणत्याही धर्मात सर्वांत हट्टी असते. संस्थापक सांगतो एक, आणि चुलीपाशी चालतं भलतंच. हे मी माझ्या दुसऱ्या व्याख्यानात सविस्तर मांडलं होतं, तू आली असतीस तर ऐकलं असतंस. आपल्या घरी सुरुची या बाबतीत फार कडक आहे. तिचं मन मोडून मला घर चालवता येणार नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे आई. या वयात तिच्या डोळ्यांदेखत घरची चाल मोडली तर तिला ते सहन होणार नाही. तिला चालणार नाही, एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे. तुझ्यासाठीही असावं.

नातेवाईक कन्हानहून येतात, त्यांचं वेगळंच. असो. राग गिळ आणि दरवर्षीसारखी दोन दिवस आधी ये. सुरुचीला एकटीला सोळा भाज्या उरकत नाहीत.

तुझा,
मधू

कोराडी, १५ ऑगस्ट २०२५

चि. मधूस,

भाज्या चिरायला बोलावलंस, आभारी आहे. पाकिटावर माझ्या नावाआधी ‘गं. भा.’ लिहिलंस, त्याचेही आभार. मी विधवा आहे हे पोस्टमनला कळायचं राहिलं होतं, ते काम झालं.

तू पुस्तकाशी पुस्तक ताडून बघतोस. मला घरं बघायला मिळतात. माझ्या समोर शकिला राहते. तिच्या धर्मात विधवेला चार महिने दहा दिवसांनी दुसरं लग्न करता येतं, तू सांगितलंस ते खरंच आहे. पण तिची नणंद तरुणपणी विधवा झाली आणि भावांनी तिचं लग्न होऊ दिलं नाही, कारण मग त्यांची पोरं कोण सांभाळणार? प्रेमलताच्या विहारात सगळ्या सारख्या, पण तिच्या पुतण्याच्या हळदीत तिला मागे उभं राहायला सांगितलं होतं. मला हे कोणी व्याख्यानात सांगितलं नाही, आम्ही तिघी संध्याकाळी ओट्यावर बसतो तेव्हा कळलं. तेव्हा आपलाच धर्म तेवढा वाईट, असं माझं म्हणणं नाही. माझं भांडण तुझ्या धर्माशी नाही, तुझ्याशी आहे.

तू माझी अडचण दूर केली असतीस तर गोष्ट वेगळी. तू माझी अडचण वापरलीस, आणि तीही दूर झाली असं सांगून. लोक घरी गेले ते खूश होऊन की नागपुरात एक तरी सुधारलेलं घर आहे. त्या घरातली मी मागच्या खोलीत.

आता दोनच वाटा आहेत. ३१ तारखेला सकाळी तुझं शेवटचं व्याख्यान आहे आणि त्याच दिवशी दुपारनंतर महालक्ष्म्या यायच्या. एक तर त्या व्यासपीठावरून सांग की मी बोललो ते खोटं होतं. नाहीतर दुपारी मी येते आणि माझ्या हातानं बसवते. आईला चालणार नाही म्हणतोस, तर आई मला तोंडानं सांगेल. तिला तोंड आहे.

यमुताई

नागपूर, २१ ऑगस्ट २०२५

ती. यमुताईस सा. न. वि. वि.

तू फारच ताणून धरलं आहेस. माफी मागण्याचा प्रश्नच येत नाही, व्याख्यानमालेचं नाव खराब होईल. पण मी मोठ्या मनानं एक मार्ग काढला आहे आणि त्याला नाही म्हणायला तुला जागा नाही.

तू ३१ ला संध्याकाळी ये. मखरापाशी उभी राहा, ज्येष्ठेचा मुखवटा हातात घे. आपल्या व्याख्यानमालेचे अध्यक्ष फोटोग्राफरला घेऊन येतील. फोटो झाला की मुखवटा सुरुचीच्या हाती दे, पुढचं सगळं ती रीतीप्रमाणे करेल. म्हणजे मी बोललो ते खरं ठरेल, तुझा मान होईल आणि आईलाही धक्का बसणार नाही. ती मागच्या खोलीत जप करत असते, तिला कळणारही नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला दोन वार्ताहरही बोलावले आहेत. जरा बरं लुगडं नेस.

कळावे,
मधू

नागपूर, २५ ऑगस्ट २०२५

ती. यमुताईंना शि. सा. न. वि. वि.

मी कधी तुम्हाला पत्र लिहिलं नाही, लिहायची वेळही आली नव्हती. आता आली आहे. ह्यांच्या टेबलावर तुमची दोन्ही पत्रं आणि ह्यांच्या उत्तरांचे कच्चे खर्डे उघडे पडले होते. सगळं वाचलं. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे मलाही कळतं, पण ह्यांच्या खर्ड्यांत जागोजागी माझंच नाव होतं.

ताई, मी कडक आहे हे मला ह्यांनी तुम्हाला लिहिलेल्या पत्रातून समजलं! मला तर ह्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की यमुताईचीच इच्छा नाही, ती म्हणते मला हात लावायला नको, तिला आग्रह करून दुखवू नकोस. म्हणून मी गप्प राहिले. तुम्ही अळूची पानं घेऊन मागे जायच्या तेव्हा मला वाटायचं, काय बाई ह्यांचा हट्ट. मनात मी तुम्हाला बरंच काही बोलले आहे, तेही आज सांगून टाकते. म्हणजे तुम्ही माझ्यावर चिडलेल्या, मी तुमच्यावर, आणि हे दोघींच्या मधून पुरणपोळीवर तूप वाढून घेत होते.

मी ह्यांना काल स्वयंपाकघरात उभं करून विचारलं. आधी म्हणाले की तुला संदर्भ माहीत नाही. मग म्हणाले की कन्हानच्या काकांना काय वाटेल. मग जरथुस्त्री धर्मातल्या चालीरीतींवर बोलायला लागले. मी गॅस बंद करून बाहेर आले.

फोटोपुरतं तुमच्या हाती द्यायचं आणि नंतर माझ्या, हे मला जमणार नाही. महालक्ष्म्या म्हणजे काय शाळेचं गॅदरिंग आहे? पितळेचे मुखवटे, साड्या, दागिने, सगळं माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या कमरेला.

आणि आईंना मी सरळ विचारलं. आजवर कोणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्या काय म्हणाल्या ते मी लिहीत नाही, त्यांच्याच तोंडून ऐका. फक्त एवढं कळवा की तुमच्याकडे पुढच्या खोलीत मखर मावेल ना? नारळ, फुलं आम्ही आणतो. भाज्या तुम्ही घ्या.

तुमची,
सौ. सुरुची

॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥
कोराडी, १ सप्टेंबर २०२५, सकाळ

चि. मधूस,

काल व्याख्यानाहून परतलास तेव्हा दाराला कुलूप दिसलं असेल, आणि शेजारच्यांनी किल्ली दिली असेल. अध्यक्षांना आणि त्या फोटोग्राफरला काय सांगितलंस कोण जाणे. फोन लावून लावून थकला असशील. सुरुचीनं तिचाही बंद ठेवला आहे.

काळजी करू नकोस, आई माझ्याकडे आहे, बरी आहे. सुरुची गाडी करून तिला आणि महालक्ष्म्यांना घेऊन आली. जागा बदलू नये म्हणतात, ते मला माहीत आहे. दोघी बहिणी मांडीवर टॉवेलात गुंडाळून आल्या, वाटेत कोळशाच्या ट्रकांमागे तासभर अडकल्या, आणि तरी मुहूर्ताच्या आत पोहोचल्या. प्रेमलतानं दारात रांगोळीची पावलं काढली. शकिलानं पाट दिले.

आता तुला लिहायचं ते हे. मी बसवल्या नाहीत. सगळी तयारी झाली, मी ज्येष्ठेचा मुखवटा उचलला, आणि सुरुची मला म्हणाली की ताई, आधी आईंकडे बघा. आई भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे दोन्ही हात पुढे आलेले होते.

बाबा होते तोवर आपल्या घरात महालक्ष्म्या तीच बसवायची, हे तू विसरलास. मीही विसरले होते, माझीच अळूची पानं मला मोठी वाटत होती. बाबा गेले त्या भाद्रपदात मुखवटे सुरुचीच्या हाती दिले गेले आणि आईला जपाची माळ मिळाली. तुझ्या व्याख्यानात जगातल्या सगळ्या विधवा आल्या, मधू. आपल्या घरातली दुसरी तुला आठवलीही नाही.

तिनं दोघींना एकटीनं बसवलं. नथ घातली, पदर नीट केला, कोणाला हात लावू दिला नाही. मग मी विचारलं की एवढी वर्षं बोलली का नाहीस. ती म्हणाली की मधूला चालणार नाही, असं तिला वाटायचं.

पत्र घेऊन जाणारी गाडी दारात थांबली आहे. यायचं तर ये. मागच्या खोलीत पान मांडलं आहे, दर्शनाला हाक मारू.

यमुताई